ओरिजिनल काकूंचे पाठकोरे कागद

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, झेरॉक्स कुठे मिळेल? तो सांगणार, "ओरिजिनल काकूंकडे जा." त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत आहे. मला माहीत आहे, कारण गेली अकरा वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या दाराशी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो, आणि त्यांचे स्वतःचे अर्जही मीच लिहिलेत. पण ते नाव मी इथे सांगणार नाही. त्याचे निघायचे तेवढे धिंडवडे निघालेत.

काकू म्हणतो खरा, पण मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. सगळी गल्ली म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्या मला भाऊ म्हणतात. माझा स्वभाव तापट, जिभेला हाड नाही, त्यामुळे तीन नोकऱ्या गेल्या आणि शेवटी दुसऱ्यांच्या वतीने 'आपला नम्र' लिहिण्यात आयुष्य चाललंय. माझी बायको म्हणते, देवाला विनोद कळतो.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालचा त्रिकोण. उंच माणूस आत शिरला की आधी कपाळ आपटतो आणि मग नमस्कार करतो. समोर नोंदणी कचेरी, डावीकडे बँक, कोपऱ्यावर पोलीस चौकी. म्हणजे कागदाशिवाय कुणाचं पान हलू नये अशी जागा. त्या त्रिकोणात एक मशीन, एक लॅमिनेशनची पेटी, एक स्टूल आणि काकू. मशीन त्यांनी काकांची गिरणी बंद पडली तेव्हा मिळालेल्या पैशातून घेतलं होतं. काका तेव्हापासून घरी आहेत. गुडघा दुखतो आणि रेडिओ ऐकतात.

गिऱ्हाईक पैसे देऊन वळलं की आतून हाक यायची, "ओरिजिनल घेतलंत का?" दहातले चार जण खरंच मशीनच्या झाकणाखाली आपलं ओळखपत्र विसरून निघालेले असत. पण हाकेवर काकू थांबत नसत. पुढे त्यांचं प्रवचन. "कॉपी कुणाला देताय? त्याच्यावर पेनानं आडवं लिहा, कशासाठी दिली ते. तारीख घाला. उद्या कुणी तुमच्या नावावर हत्ती विकत घेतला तर निस्तरणार कोण?" एखादी कॉपी काळी आली, तिरकी आली, तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चार तुकडे करून डब्यात. लोक हसायचे. मीही हसायचो. हत्तीचं नाव काढलं की चौकीतले हवालदारसुद्धा हसायचे.

आणि काकूंचा दुसरा गुण म्हणजे काटकसर. एका बाजूने कोरा असलेला कागद त्यांच्याच्याने टाकवत नसे. असे पाठकोरे कागद त्या साठवायच्या, मधोमध कापायच्या, वरच्या कडेला डिंक लावून त्यांच्या छोट्या वह्या करायच्या आणि गल्लीत फुकट वाटायच्या. शिंप्याकडे काकूंची वही, औषधवाल्याकडे काकूंची वही, चहाच्या टपरीवर दोरीला टांगलेली काकूंची वही. कच्चे मसुदे लिहायला मला तर दर महिन्याला दोन मिळायच्या. मी कधी विकतचा कागद मसुद्याला वापरला नाही.

मागच्या वर्षी मशीन कण्हायला लागलं. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतो तसं त्यानं मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "मला काय सांगतोस? मालकीण तिथे बसलीय." मग त्यानं काकूंना सांगितलं की ड्रमवरचा, म्हणजे कॉपी छापणाऱ्या रुळावरचा, जुना ओरखडा आता खोल गेलाय, असे ड्रम आता येत नाहीत, फार तर चार-पाच महिने ओढेल. त्याच्याच ओळखीच्या विक्रेत्याकडे एक जुनं पण झकास मशीन होतं. महिनाभर राखून ठेवतो म्हणाला.

काकूंनी हिशेब केला. मशीन नसेल तर दुकान नाही, आणि दुकान नसेल तर घरी दोन माणसं आणि एक रेडिओ. कर्ज काढणं भाग होतं. ही बाई अठ्ठावन्न वर्षांत कुणाची पाच पैशांची मिंधी झालेली नव्हती. टपरीवर चहासुद्धा आधी पैसे ठेवून मग प्यायच्या. मला म्हणाल्या, "भाऊ, अर्ज असा लिहा की बँकेला वाटलं पाहिजे, इतके दिवस ही बाई आली का नाही." मी लिहिला. माझ्या आयुष्यातला उत्कृष्ट अर्ज होता तो, खोटं कशाला बोलू.

आठ दिवसांनी बँकेच्या साहेबांनी बोलावलं. मी सोबत गेलो. साहेब सभ्य माणूस, आवाज हळू. त्यांनी संगणकाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या नावावर आधीच एक कर्ज आहे. मोबाइल फोनचं. नऊ हप्ते वेळेवर भरलेत, नंतरचे पाच थकलेत. क्रेडिट स्कोअर फार खाली गेलाय. अशा परिस्थितीत…"

काकूंनी पर्समधून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. बटणांचा, मागे रबर लावलेला. "हा घ्यायला कर्ज लागतं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी फोनची किंमत सांगितली. त्या किमतीत काकूंच्या दुकानातलं सगळं सामान काकूंसकट आलं असतं.

घरी गेल्यावर काका काय म्हणाले ते काकूंनीच मला सांगितलं. "तुझ्या नावावर एवढा भारी फोन, आणि मला साधा रेडिओ बदलून देत नाहीस?" काका बिचारे वातावरण हलकं करायला बोलले, पण काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या गावात नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला. लेक हुशार आहे. तिनं आईला न रागावता एकेक पायरी सांगितली: आधी सगळ्या कर्जांचा अहवाल मागव, आणखी काही निघतंय का बघ, नाव गोठवून ठेव, म्हणजे नवीन कर्ज कुणाला काढता येणार नाही, चौकीत लेखी तक्रार दे आणि पोच घे, मग कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला कळव, फोनवर कुणी ओटीपीचा आकडा विचारला तर सांगू नकोस, आणि प्रत्येक वेळी कुणाशी बोललीस, किती वाजता, ते लिहून ठेव. काकूंनी सगळं लिहून घेतलं. कशावर लिहिलं असेल, ते तुम्हाला आता कळेलच.

तेवढ्यात वसुलीवाला आला. भर दुपारी, दुकानापुढे सात-आठ गिऱ्हाइकं असताना. गोरा गोमटा, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंड असं की गटार बरं. "काकू, फोनवर गप्पा मारायला लाज वाटत नाही, हप्ता भरायला वाटते का?" मी टेबलावरून उठलो. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. काकूंनी मात्र हातातली कॉपी पूर्ण करून गिऱ्हाइकाला दिली, आणि तो वळला तेव्हा अकरा वर्षांत पहिल्यांदा हाक मारायला विसरल्या. त्या दिवसापासून गल्लीतल्या काहींच्या नजरा बदलल्या. 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही' ही म्हण ज्यानं काढली, त्याला मला एकदा भेटायचंय.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. हवालदारांनी तक्रार वाचली. या वेळी हत्तीवर हसले नाहीत, पण म्हणाले, "ओळखपत्राच्या तीन कॉप्या जोडा."

"कुणीतरी माझं ओळखपत्र वापरलंय, हीच तर तक्रार आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच. तुम्ही तुम्हीच आहात, हे आम्हाला कसं कळणार?"

नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला दोन कॉप्या. कर्ज कंपनीला तीन, त्यातली एक सरकारी साहेबाच्या शिक्क्याची. बँकेला एक. काकूंनी प्रत्येकीवर पेनानं आडवं लिहिलं: 'फक्त फसवणुकीच्या तक्रारीसाठी', खाली तारीख. कंपनीच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "असं लिहिलेलं चालत नाही, क्लीन कॉपी द्या." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, चोरानं क्लीनच दिली होती ना? तुम्हाला चालली ना?" ती म्हणाली, "हो, त्यांचे कागद व्यवस्थित होते."

शेवटी कंपनीच्या अधिकारीबाईंनी आत बोलावलं. चाळिशीच्या, चष्मा, टेबलावर फाइल. फाइल काकूंपुढे उघडून म्हणाल्या, "बघा, सही तुमची नाही?" काकूंनी पाहिलं. सही कोंबडीच्या पायांची. "माझी नाही." अधिकारीबाईंनी मान डोलावली. "हल्ली सही कोण बघतं? कागद बघतात." आणि पान उलटलं. तिथे काकूंच्या ओळखपत्राची कॉपी.

ते ओळखपत्र मी ओळखतो. फोटोत काकू तुरुंगातून सुटून थेट स्टुडिओत आल्यासारख्या दिसतात. काकू वाकल्या. चष्मा वर करून, डोळे कागदाला लावून बघायला लागल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. अधिकारीबाई घड्याळ बघायला लागल्या. काकूंनी बोट डाव्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. तिथे केसासारखी बारीक काळी रेघ होती, आणि फोटोतल्या कानाखाली टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. मग त्यांनी कागदाची वरची कड नखानं खरवडली. डिंकाचा पिवळा पापुद्रा निघाला.

"चला भाऊ," त्या उठल्या. मला काही कळेना. रस्त्यावर आलो, कोपरा वळलो, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ऊन होतं, पण चेहरा पांढराफटक.

"माझ्या मशीनची कॉपी आहे ती," त्या म्हणाल्या. "ती रेघ माझ्या ड्रमची. डिंक माझा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! सकाळी मशीन गरम झालं की पहिली कॉपी कशाची काढते मी?"

आता मला आठवलं. रोज सकाळी दुकान उघडलं, की शाई किती गडद येतेय बघायला काकू एक कॉपी काढून बघायच्या. हाताशी जे असेल त्याची. आणि हाताशी कायम असायचं पर्समधलं स्वतःचं ओळखपत्र. त्यात फोटो, बारीक अक्षर आणि शिक्का, तिन्ही गोष्टी होत्या, म्हणजे एका कॉपीत सगळं तपासून व्हायचं. दुसऱ्यांची खराब कॉपी त्या फाडायच्या, पण ही आपलीच, हिला काय फाडायचं? पाठ कोरी आहे. टाक गठ्ठ्यात. ओळखपत्र लहान, पानाच्या वरच्या अर्ध्यात मावतं, त्यामुळे पान मधोमध कापलं तरी काकू सबंध राहत. वर्षाला तीनशे. अकरा वर्षांत तीन हजारांवर काकू डिंक लावून, वह्या करून, गल्लीत फुकट वाटलेल्या.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," काकू म्हणाल्या, आणि पुढचं म्हणायच्या आधी त्यांना रडू आलं. मी अकरा वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला अशा वेळी काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी रस्त्यावरच्या एका सायकलवाल्यावर विनाकारण ओरडलो.

दुपारी आम्ही वह्या गोळा करायला निघालो. शिंप्याकडे गेलो. त्याच्या वहीत प्रत्येक पानाच्या मागे काकू, पुढे कुणाची तरी छाती-कंबर. तो म्हणाला, "काकू, मापं आहेत हो गिऱ्हाइकांची, निदान उतरवून घेऊ द्या." औषधवाला त्याच कागदावर दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, असं लिहून लोकांच्या हातात द्यायचा, त्याच्याकडून किती काकू गावभर गेल्या त्याचा हिशेबच नाही. टपरीवाल्याची वही नवीन होती, पण पहिली पंधरा पानं फाडलेली. "कोण फाडतं?" विचारलं तर म्हणाला, "ज्याला कागद लागतो तो." त्यातलं कुठलं पान कुणाच्या हाती लागलं, ते आजतागायत कळलेलं नाही. फोन ज्या पत्त्यावर गेला तिथे आता बंद शटर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आम्ही तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या आणि चोरी निघाली दाराच्या आतून.

आणि माझं काय? माझ्या खणात पाच वह्या निघाल्या. पोलिसांना द्यायच्या तक्रारीचा कच्चा मसुदा मी त्यातल्याच कागदावर लिहिला होता. 'माझ्या ओळखपत्राचा गैरवापर झाला असून' वगैरे, आणि मागे ओळखपत्र. पक्का अर्ज झाल्यावर तो मसुदा मी चौकीच्या बाहेरच्या बाकावर ठेवून आलो होतो. पळत जाऊन आणला. एका म्हाताऱ्यानं त्यावर आपलं जेवणाचं डबडं ठेवलं होतं. हे मी काकूंना सांगितलं नाही, इथे पहिल्यांदाच कबूल करतोय.

दोन दिवसांनी अधिकारीबाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, हे मला मान्य करावं लागतं. म्हणाल्या, "तक्रार चालवायची तर तीन महिने जातील. जास्तही लागतील. त्यापेक्षा मी एक मार्ग सुचवते. नऊ हप्ते भरलेलेच आहेत. राहिलेले तुम्ही भरून टाका, दंड मी माफ करून घेते. कर्ज पूर्ण फिटलं अशी नोंद होईल. बँक पंधरवड्यात तुमचं काम करेल."

मशीन राखून ठेवायला बारा दिवस उरले होते. काका म्हणाले, भरून टाक. लेक म्हणाली, "आई, अन्याय आहे, पण दुकान वाचेल." बँकेचे साहेब म्हणाले, व्यवहारी सल्ला आहे. मीसुद्धा म्हणालो. मला त्या मशीनशिवाय त्या त्रिकोणाकडे बघवलं नसतं, आणि माझं टेबलही त्या मशीनच्या जिवावर चालतं, हेही खरंच. मी कंपनीला द्यायचं पत्र लिहूनही ठेवलं. काकूंनी ते वाचलं. त्यात एक वाक्य होतं: 'सदर कर्ज माझे असून ते फेडण्यास मी तयार आहे.' कंपनीनं तसंच लिहून मागितलं होतं.

"हे माझं नाही," काकू म्हणाल्या.

"माहितेय हो. नुसतं लिहायचंय."

"नुसतं? भाऊ, तुम्ही अर्ज लिहिता ना? उद्या मी नसेन, काका नसतील, तुम्ही नसाल. हा कागद असेल. तो काय सांगेल? बाईनं फोन घेतला, बुडवला, आणि चौकीत जाऊन खोटी तक्रार केली. त्या वसुलीवाल्यानं मला सगळ्यांसमोर जे म्हटलं, ते मी सही करून खरं करू?" त्यांनी पत्र चार तुकडे करून डब्यात टाकलं. "मशीन गेलं तर गेलं."

मला राग आला होता त्यांचा. फार राग. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो.

मशीन गेलं. कुठे गेलं? पुलाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे, आमच्या एकमेव स्पर्धकाकडे. आमचं जुनं मशीन आणखी दोन महिने खोकलं आणि एका सोमवारी धूर काढून बसलं. काकूंनी त्याच्यावर चादर टाकली आणि लॅमिनेशनची पेटी पुढे ओढली. दिवसाला पाच-सहा लॅमिनेशन, दोन-चार बाइंडिंग. काका प्रथमच आपण होऊन रेडिओ बंद करून बाहेर पडले आणि एका गोदामात दुपारची राखण धरली. गुडघ्यासकट.

चौथ्या महिन्यात पत्र आलं. 'सदर कर्जाशी आपला संबंध नसल्याचे निष्पन्न झाले असून नोंद वगळण्यात आली आहे.' एकाही ओळीत माफी नव्हती, पण काकूंनी ते पत्र लॅमिनेट केलं. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन दाखवलं, कुणी मागितलं नसताना. मग नवी साडी नेसून आम्ही बँकेत गेलो. म्हणजे नवी साडी काकू नेसल्या, मी आपला नेहमीच्या सदऱ्यात.

साहेबांनी संगणकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाव साफ झालंय," ते म्हणाले. "अभिनंदन. पण आता अडचण अशी आहे, की तुमच्या नावावर काहीच नाही."

"काहीच नाही, म्हणजे चांगलंच ना?"

"तसं नाही. तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही. म्हणजे तुम्ही फेडता की बुडवता, हे आम्हाला कसं कळणार? स्कोअरच निघत नाही. त्या फोनच्या कर्जाचे निदान नऊ हप्ते तरी वेळेवर होते."

मी खुर्चीवरून उठलो. काकूंनी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. खरं सांगतो, त्या नसत्या तर माझा फोटो दुसऱ्या दिवशी चौकीत लागला असता. चोर होता तोवर या बाईची निदान वाईट का होईना, पत होती. चोर गेला आणि बाईच उरली नाही! अठ्ठावन्न वर्षं नाकासमोर चालण्याचं हे बक्षीस.

साहेबांनी हळू आवाजात उपाय सांगितला. काहीतरी छोटं हप्त्यावर घ्या, सहा महिने वेळेवर भरा, मग या. तेव्हा काकूंनी काय घेतलं असेल? इस्त्री. घरात चांगली चालणारी इस्त्री असताना. सहा हप्ते. प्रत्येक हप्ता तारखेच्या आदल्या दिवशी, रोख, पावती घेऊन. दर वेळी मला येऊन सांगायच्या, "भाऊ, एक झाला." "दोन झाले." इस्त्री खोक्यातून बाहेरच काढली नव्हती. काका म्हणायचे, "हिनं आयुष्यात पहिल्यांदा कर्ज काढलं, तेही गरज नसलेल्या वस्तूसाठी. आता आपण मोठी माणसं झालो." या वेळी काकू हसल्या.

दर महिन्याला त्या बँकेतून आपल्या नोंदीचा अहवालही मागवू लागल्या. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचायच्या. एकच इस्त्री आहे ना, याची खात्री करायच्या आणि मग कागद घरी नेऊन फाडायच्या. गल्लीतल्या लोकांनाही सांगायच्या, वर्षातून एकदा तरी मागवा. पण प्रवचनाचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. आधी त्या वरून सांगायच्या, आता शेजारी बसून सांगायच्या. आणि हत्तीचं नाव काढत नसत.

सहावा हप्ता भरला आणि पंधरा दिवसांत कर्ज मंजूर झालं. साहेब स्वतः दुकानापर्यंत आले, कपाळ आपटलं, आणि म्हणाले, "उद्या सह्या करायला या. विक्रेत्याला दुसऱ्या मशीनचं मी कळवतो. फक्त ओळखपत्राची एक ताजी कॉपी आणा. कोपऱ्यात बँकेचं नाव आणि तारीख लिहा हवं तर, पण चेहऱ्यावर रेघ नको."

काकूंनी चादर टाकलेल्या मशीनकडे पाहिलं. दुसरा इलाज नव्हता. आम्ही पुलाजवळ गेलो.

तिथे रांग होती. काकू रांगेत उभ्या राहिल्या. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्या काउंटरच्या या बाजूला उभ्या होत्या. मशीन तेच, जे आपल्या त्रिकोणात यायचं होतं. झकास चालत होतं. पुलाजवळचा झेरॉक्सवाला चांगला माणूस. त्यानं काकूंना ओळखलं, अवघडला, रांगेतून पुढे बोलावलं. काकू म्हणाल्या, "नाही, नंबरानं येते."

नंबर आला. काकूंनी पर्समधून ओळखपत्र काढून दिलं. त्यानं काचेवर ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. काकूंची नजर त्याच्या हातावर. पहिली कॉपी काळीकुट्ट आली, नुकतीच शाई भरली असणार. त्यानं ती सहज बाजूच्या ट्रेमध्ये टाकली. त्या ट्रेमध्ये पाठकोऱ्या कागदांचा हा एवढा गठ्ठा. मग शाई कमी केली, दुसरी काढली. स्वच्छ, सुरेख. ओळखपत्र आणि कॉपी त्यानं काकूंच्या हातात ठेवली. मागचा माणूस आपले कागद पुढे सरकवायला लागला.

काकू हलल्या नाहीत. त्यांनी ट्रेकडे हात केला. "ती द्या इकडे."

"ती? ती खराब आहे हो काकू, काळी आलीय. काही दिसत नाही त्यात."

"असू दे. मी आहे ती. द्या."

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं गठ्ठ्यावरून ती उचलून दिली. काकूंनी काळी कॉपी नीट घडी करून चांगल्या कॉपीबरोबर पर्समध्ये ठेवली, चेन लावली, आणि काउंटरवर दोन कॉप्यांचे पैसे ठेवले.